कोणाकडे आला?

आमच्या दाजींच्या घरी चपला काढायच्या आधी सही करावी लागते.

साताऱ्यात मंगळवार पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला एक लोखंडी खुर्ची, खुर्चीवर पुठ्ठ्याच्या बांधणीचं लांबडं रजिस्टर आणि रजिस्टरला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. रकाने पाच. नाव, गाव, कोणाकडे आला, इन, आऊट. घरात माणसं दोनच, दाजी आणि माझी थोरली बहीण शालनअक्का. म्हणजे ‘कोणाकडे आला’ हा प्रश्न पडण्याचं काही कारण नव्हतं. तरी रकाना भरावा लागे. एकदा एका पाहुण्याने गमतीत तिथे ‘देवाकडे’ असं लिहिलं. दाजींनी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं.

“देव हितं ऱ्हात न्हाई. पुढच्या गल्लीत देऊळ हाय, तिकडं जावा.”

पाहुण्याने हसत शब्द खोडायला पेन उचललं, तर दाजींनी पानावर तळहात ठेवला. “खाडाखोड चालत न्हाई. चुकलं तर चुकलं. खाली नवी एंट्री करा.”

बावीस वर्षं ते फौजेत होते आणि त्यातली निम्मी गेटवर गेली. लोक विचारत, लढाई पाहिली का. दाजी म्हणत, “गेट बी लढाईच असती. आत कोण हाय आन् भाईर कोण हाय, एवढं ज्याला कळलं त्यो जिंकला.” हवालदार होऊन ते घरी आले, पण गेट सुटलं नाही. ते घराला लावून घेतलं.

त्यांच्यासमोर ‘सातारा’ म्हणायची सोय नव्हती. राजधानी म्हणायचं. एसटीत बसले की कंडक्टरकडे “एक राजधानी” असं तिकीट मागायचे. रहिमतपूरच्या गाडीत एका नव्या कंडक्टरने सांगितलं, “आजोबा, दिल्लीला एसटी जात न्हाई.” दाजी म्हणाले, “दिल्ली कालची पोर हाय. जुन्या राजधानीचं दे.” गाडी हसली. दाजी हसले नाहीत. ते हे सगळं विनोदाने करत नव्हते, आणि त्यामुळेच ते सहन करणं अवघड होतं.

राजधानी सातारा, तिच्याभोवतीचे ते परगणे. कोरेगाव, रहिमतपूर पूर्वेचा परगणा. कास, यवतेश्वर वरचा परगणा. आमचं कवठे महांकाळ सांगली जिल्ह्यात, तो दुष्काळी परगणा. पाहुणा आला की त्याला राजधानी दीड दिवस आणि परगणे दोन दिवस, अशी ठरलेली मूव्हमेंट होती. पहाटे पाचला शिट्टी. अंगणात फॉलिन, म्हणजे रांगेत उभं राहायचं. गिनती. मग चालत अजिंक्यतारा, उतरून राजवाडा, उन्हाच्या आत ‘चार भिंती’ हे टेकडीवरचं स्मारक, संध्याकाळी माहुलीचा संगम. मागून अक्का भाकरीचं फडकं आणि खरडा घेऊन येई. किल्ल्यावर मंगळाईच्या देवळापुढे एक सपाट दगड आहे, तिथे ती फडकं सोडायची. दाजींचा हुकूम होता, वर चढलेल्या माणसाला राजधानीने जेवू घातलंच पाहिजे.

मौज अशी, की ते इतिहास फारसा सांगतच नसत. कुठल्या पायरीवर कोण बसलं ते सांगत. “ह्या पायरीवर कराडचा मास्तर घेरी यिऊन पडला. ह्या बुरजावर मिरजेच्या मावशीची बांगडी फुटली.” कुणी विचारलं, तह कुठे झाला, वेढा कुणी दिला, तर म्हणायचे, “ते पुस्तकात हाय. मास्तर पडला ते कुठल्या पुस्तकात हाय?”

माझं लग्न झालं तेव्हा शैलाला, माझ्या बायकोला, नव्या सँडलवर किल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी एसटीने रहिमतपूर. शैलाने स्टँडवर उतरून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “दाजी, इथं काय बघायचं?”

“रहिमतपूर,” दाजी म्हणाले.

आम्ही दोन तास रहिमतपूर पाहिलं. परत येताना शैला एसटीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पुण्याला पोचल्यावर म्हणाली, पुन्हा कधी सातारा नको. मला ते सोयीचं वाटलं, हे आज कबूल करतो. मलाही नकोच होतं.

आऊटच्या रकान्याचं प्रकरण तर सगळ्या नात्यागोत्यात गाजलेलं. पाहुणा आऊट मारल्याशिवाय गेला, तर तो गेला असं दाजी धरत नसत. तो अजून राजधानीतच आहे, आणि असलेल्या माणसाला घरात यायला दार लागतं, म्हणून आऊट होईपर्यंत दाराला आतून कडी लावायची नाही. अक्का रात्रभर जागी राहायची. आमचे कवठ्याचे तात्या एकदा पहाटेच्या विट्याच्या गाडीने कुणाला न उठवता निघून गेले. दाजींनी रिकामं अंथरूण पाहिलं, रजिस्टर पाहिलं आणि एम-एटी फटफटी काढली. कोरेगावला गाडी हुकली, ती रहिमतपुरात सापडली. तात्या चहा पीत होते. दाजींना घामाघूम येताना पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

“कोण गेलं? शालन बरी हाय न्हवं?”

दाजींनी काखेतलं रजिस्टर पुढे केलं. “तुमी गेलाय. आऊट मारा.”

तात्यांनी डोळे पुसत सही केली. वेळ टाकायला लागले तर दाजींनी हात धरला. “आत्ताची न्हाई. घरातनं निघाल्याची. खोटं नगं.”

हे मी पुण्यातल्या ऑफिसात कितीतरी वेळा सांगितलंय. जेवणाच्या सुट्टीत लोक हसून हसून बेजार व्हायचे. फक्त तो माणूस माझा दाजी आहे, हे मी सांगत नसे. ‘साताऱ्यात एक हवालदार आहे’ अशी सुरुवात करायचो.

एक गोष्ट मात्र मी त्या हसणाऱ्या मंडळींना कधी सांगितली नाही. बारावीनंतर मी कॉलेजला साताऱ्याला आलो आणि तीन वर्षं याच घरात राहिलो. पहिल्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा होतो. रीत ठाऊक होती, म्हणून पेन उचललं. दाजींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“तुला न्हाई. आतल्या माणसाला रजिस्टर नसतं.”

तीन वर्षं त्यांनी मला पाच वाजता उठवलं, किल्ल्यावर नेलं, त्या सपाट दगडावर पुस्तक देऊन बसवलं आणि दहा पावलांवर पाठ करून उभे राहिले. गेटवर उभे राहतात तसे. कुणी फिरायला आलेला जवळ यायला लागला तर म्हणत, “तिकडनं जावा. आत अभ्यास चाललाय.” उघड्या दगडाला आत कुठलं. पण माणसं वळसा घालून जायची.

त्यांना मूल नव्हतं. हे वाक्य मी लिहितो आहे तेवढ्याच कोरडेपणाने ते आमच्या घरात बोललं जाई. पाहुणे हवेत म्हणून हा माणूस एवढा खटाटोप का करतो, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

सहा वर्षांपूर्वी अक्का गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने दाजींना चहाला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

“मी गेल्यावर ह्यांच्याकडं कोण यायचं न्हाई, इलास. भाकरी मिळती म्हणून तरी येत हुती माणसं. तू येत जा.”

“येईन की.”

“तसं न्हाई. येत जा. तुला तर सही बी करायला लागत न्हाई.”

मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला हो म्हणायला काही पडत नाही.

पुण्याहून कवठ्याला जायचा रस्ता साताऱ्यावरूनच जातो. आई गावी असल्यामुळे मी महिन्याला जायचो. महामार्ग गावाच्या कडेने निघून जातो, आत वळायचं नसेल तर वळावं लागत नाही. अजिंक्यतारा मात्र दिसतो. सहा वर्षं मी तेवढा भाग आला की रेडिओचा आवाज वाढवायचो. शैलाच्या ते लक्षात आलं असेल.

दाजींचा फोन दर शनिवारी यायचा. “इलास, मूव्हमेंट काय?” एवढाच प्रश्न. मी कधी ऑडिट सांगे, कधी मुलीची परीक्षा, कधी कंबर. ते म्हणत, “बरं. दार उघडंच हाय.” मला ती बोलण्याची पद्धत वाटायची.

दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्याअखेर त्यांनी विचारलं, “कासला फुलं आल्यात. उद्या येतोस?” मी म्हणालो, नागपूरला आहे दाजी, ट्रेनिंगला. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या दिवशी मी कासलाच चाललो होतो. ऑफिसात नवे साहेब आले होते, त्यांना फुलं पाहायची होती, आणि मी ‘तिकडचा’ म्हणून गाडीत पुढे बसलो होतो. फुलं पाहून परत येताना साहेब म्हणाले, ती ऐतिहासिक राजधानी म्हणतात ती दाखवा की. ड्रायव्हरने गाडी सरळ किल्ल्याच्या दरवाजापर्यंत नेली.

दरवाज्यात दाजी उभे होते.

काखेत रजिस्टर. कोपरावर विरलेला फौजी स्वेटर, गळ्यात शिट्टी. घरी पाहुणे येईनात तेव्हा ते दर रविवारी गेट घेऊन किल्ल्यावर यायला लागले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. ते एका कॉलेजच्या घोळक्याला सही करायला लावत होते आणि पोरं त्यांचा व्हिडिओ काढत होती.

त्यांनी मला पाहिलं. हात अर्धा वर आला. तोंड उघडलं.

मी मान वळवून पुरातत्त्व खात्याची पाटी वाचायला लागलो.

“हा कोण नमुना?” साहेब हसत म्हणाले. “तुमच्याकडेच बघतोय, विलासराव. ओळखता का?”

“छे,” मी म्हणालो. “असतात असे, प्रत्येक गावात.”

आम्ही चारच पावलांवर होतो. दाजींचा हात खाली आला. तो त्यांनी स्वेटरला पुसला आणि पुढे आले.

“व्हय साहेब. आमी असतोच. या. राजधानीत पयल्यांदाच आलायसा?”

हे त्यांनी मला विचारलं. साहेबांना नाही. मी म्हणालो, “हो.”

मग त्यांनी आम्हां पाच जणांना सगळा किल्ला दाखवला. गिनती केली. मास्तराची पायरी दाखवली, मावशीचा बुरूज दाखवला. साहेबांना फार मजा येत होती. मी सगळ्यांत मागे होतो. मंगळाईच्या देवळापुढे दाजी थांबले.

“हितं पाव्हण्याला भाकरी द्यायची पद्धत हुती. आता बंद हाय. आन् ह्या दगडावर एक पोरगं अभ्यासाला बसायचं. दुष्काळी परगण्यातलं. तीन वर्सं. लय हुशार.”

“मग काय झालं त्याचं?” साहेबांनी विचारलं.

“मोठा हापिसर झाला.”

“कुठे असतो?”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. यवतेश्वराच्या बाजूला बघत म्हणाले, “नागपूरला. ट्रेनिंगला गेलाय.”

माझ्या आयुष्यात मला तेवढ्या जपून कुणी मारलेलं नाही.

उतरताना दरवाज्यात त्यांनी रजिस्टर उघडलं. इनच्या सह्या राहिल्या होत्या. मी नाव खरं लिहिलं, तेवढं खोटं सुचलं नाही. गाव पुणे लिहिलं. ‘कोणाकडे आला’ इथे पेन थांबलं. मागून एक सहकारी म्हणाला, अहो रेघ मारा. मी रेघ मारली. त्या घरात तीन वर्षं जेवलेल्या माणसाची रजिस्टरातली ती पहिली नोंद. बाकीचे हसत हसत आऊट मारत होते तेव्हा मी गाडीत जाऊन बसलो.

“एक आऊट ऱ्हायला,” मागून दाजींचा आवाज आला. मोठा नव्हता. गिनतीत सांगतात तसा.

“विलासराव, तुमची सही राहिली,” साहेब म्हणाले.

“चला,” मी ड्रायव्हरला म्हणालो.

त्यानंतर शनिवारचा फोन बंद झाला. मी केला नाही. काय बोलायचं ते ठरवत राहिलो, आणि ठरवण्यात माणूस दीड वर्ष सहज काढतो. महामार्गावर रेडिओ मोठा करून भागेना, तेव्हा गाडी पुढे निघून जाईपर्यंत मी किल्ल्याच्या उलट बाजूला पाहत असे.

गेल्या महिन्यात शेजारच्या मंदाताईंचा फोन आला. आवाजात वैताग होता.

“आवं, तुमी एकदा यिऊन सही करून जावा बाबा. हवालदार दाराला कडी लावंनात.”

“कधीपासून?”

“वरीस उलटून गेलं की. कुत्रं शिरून दूध पिऊन जातं. गल्लीत दोन चोऱ्या झाल्या. म्हटलं कडी घाला, तर म्हणत्यात एक माणूस आऊट न्हाई झाला, अजून राजधानीत हाय, त्यो कवाबी यील. बसल्या बसल्या झोपत्यात खुर्चीवर. कोण हाय म्हटलं, तर रजिस्टर दावलं. तुमचं नाव हाय त्यात.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दुपारचे बारा वाजले असतील. दार नुसतं लोटलेलं होतं. दाजी लोखंडी खुर्चीवर बसले होते, रजिस्टर मांडीवर. वाळले होते. माझी चाहूल लागली तसे डोळे उघडले.

“या साहेब. किल्ल्यावरनं खाली यायला दीड वर्स लागलं. मूव्हमेंट स्लो हाय तुमची.”

“दाजी,” मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“ट्रेनिंग बरं झालं का?”

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. काय काय बोललो ते सांगत नाही. अक्काला दिलेला शब्द, रस्ता, रेडिओ, सगळं सांगितलं. ते ऐकत होते, की पानं उलटत होते, कळलं नाही. पान सापडल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

“आऊट मारा. मला कडी लावायची हाय. लय दिवस अंथरुणावर झोपलो न्हाई.”

माझी ती ओळ. पुढे रेघ. मी पेन घेतलं आणि रेघेवर ‘दाजी’ लिहायला गेलो, तर तळहात आला. हात पूर्वीसारखाच जड.

“खाडाखोड चालत न्हाई, साहेब.”

“मग कसं करू?”

“आऊट मारा. येळ त्या दिवसाची टाका. खोटं नगं.”

मी त्या रविवारची वेळ टाकली. सही केली. त्यांनी चष्मा चढवून तपासली, मान हलवली आणि दाराकडे हात दाखवला. मी बाहेर आलो. मागे दार लागलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. गंजलेली होती, दोनदा अडकली.

मंदाताई त्यांच्या दारात उभ्या होत्या. समोरच्या दुकानातली दोन माणसं बघत होती. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. इथून बायपासला लागायला दहा मिनिटं लागतात.

मी दार वाजवलं.

“कोण हाय?” आतून आवाज आला.

“विलास.”

“गाव?”

“कवठे महांकाळ.”

“कोणाकडं आलायसा?”

गल्ली ऐकत होती. मी मोठ्याने म्हणालो, “दाजींकडं. मी त्यांचा मेहुणा.”

आतल्या माणसाला रजिस्टर नसतं, ते दिवस गेले, हे मला समजत होतं. मग आतून पान उलटल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. सुतळी कशावर तरी घासली.

“थांब रं इलास,” दाजी म्हणाले. “पेन उठंना झालंय.”